भिंतीतली ओल वाचताना

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता एकमेकांना मिळतात. चौकाच्या आसपासची बहुतेक घरे सिमेंट-काँक्रीटची आहेत. तेथून गोदावरीच्या दिशेने दीड-दोन किलोमीटर गेले की घरांची जातच बदलते. दगडी जोते, सागवानी खांब-तुळया, वीट-मातीच्या हातभर जाडीच्या भिंती आणि मधे उघडा चौक, असे वाडे जुन्या नाशकात अजून उभे आहेत. पावसाळ्यात दोन्हीकडे तक्रार एकच असते: भिंतीला ओल आली. दुखणे मात्र एक नाही. काँक्रीटच्या घरात पाणी बहुधा वरून येते. गच्चीच्या भेगेतून ते झिरपते, आतली लोखंडी सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीटचा पोपडा सुटतो. वाड्यात पाणी खालून चढते किंवा पुराबरोबर बाजूने शिरते आणि भिंतीच्या पोटात महिनोन्‌महिने राहते.

ही दुखणी ओळखून घर पुन्हा राहण्याजोगे करणे हा जगभर एक मोठा व्यवसाय झाला आहे आणि गेल्या काही वर्षांत त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रवेश केला आहे. भिंतीचे छायाचित्र द्या, संगणक भेगा मोजून देईल, खर्चाचा अंदाज देईल, भिंत किती दिवसांत वाळेल तेही सांगेल, असे म्हटले जाते. यात तथ्य किती? त्याचे उत्तर शोधायचे तर आधी माणूस भिंत कशी ‘वाचत’ आला हे पाहिले पाहिजे. कारण यंत्र जे शिकते ते माणसाने करून ठेवलेल्या नोंदींवरूनच.

पुराच्या बाबतीत नाशिककरांकडे एक जुनी मोजपट्टी आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागले, गुडघ्याला आले, कमरेला, छातीला, गळ्याशी आले, अशा शब्दांत येथे पुराची पातळी सांगतात. नारोशंकराच्या देवळातील मोठ्या घंटेचीही अशीच साक्ष काढतात. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर लोकांच्या लक्षात आहेत ते या खुणांमुळे. ही मोजपट्टी शास्त्रीय दृष्टीनेही चांगलीच म्हणायला हवी. ती जागची हलत नाही, सर्वांना दिसते आणि तिची एकके कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. पण ती सांगते नदीचे पाणी. पूर ओसरल्यावर सराफ बाजारातल्या किंवा घाटालगतच्या घराच्या भिंतीत किती पाणी उरले, हे मारुतीकडे पाहून कळत नाही. घर पडते ते पुष्कळदा या उरलेल्या पाण्याने.

याचा सर्वांत कठोर धडा महाराष्ट्राला १२ जुलै १९६१ रोजी मिळाला. पानशेतचे बांधकाम चालू असलेले मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा काही तास पाण्याखाली राहिल्या. वाड्यांच्या भिंतींतली माती भिजली. माती कोरडी असताना उत्तम भार घेते. तिच्या कणांमध्ये पाणी शिरले की कणांची एकमेकांवरची पकड सुटते. पाण्याच्या लोंढ्याने जशी घरे पडली तशीच भिजून खचल्यानेही पडली. बेघर झालेल्यांसाठी निसेन झोपड्या उभारल्या गेल्या, पुढे नव्या वसाहती झाल्या आणि पुण्याची बांधणी माती-लाकडाकडून काँक्रीटकडे वेगाने वळली. वाडा म्हणजे धोका, हे समीकरण मनात पक्के व्हायला त्या पुराचा मोठा हातभार लागला, असे आम्हांला वाटते.

आता गवंड्याकडे येऊ. जुना गवंडी भिंतीची तपासणी तीन-चार साध्या गोष्टींनी करी. थापीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकायचा. गिलावा सुटला असेल तर आवाज पोकळ येतो. ओळंबा सोडून भिंत किती झुकली ते पाहायचे. तळहात टेकवून गारवा अजमावायचा. लोणा लागला असेल तर तो किती उंचीपर्यंत चढला ते पाहायचे. भिंतीतील बारीक छिद्रांतून पाणी वर चढते, पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि विरघळलेले क्षार मागे राहतात, तोच लोणा. म्हणजे लोणा ही भिंतीने स्वतःच लिहून ठेवलेली नोंद आहे. येथपर्यंत पाणी आले होते, असे ती सांगते.

आणखी एक युक्ती आम्हांला सर्वांत आवडते. भेगेवर आडवी काचेची पट्टी चुन्याने किंवा प्लास्टरने दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवायची आणि वर तारीख लिहायची. काही आठवड्यांनी काच फुटलेली दिसली तर भेग ‘जिवंत’ आहे, वाढते आहे. काच शाबूत असेल तर भेग जुनी आहे, बुजवली तरी चालेल. दहा वर्षांपूर्वी पडून स्थिर झालेली बोटभर रुंद भेग आणि गेल्या महिन्यात पडलेली केसाएवढी भेग यांत दुसरी अधिक घातक असू शकते. नुसते रूप पाहून हे कळत नाही, त्यासाठी काळ मोजावा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे संगणकाच्या संदर्भात तो पुन्हा लागणार आहे.

हातांच्या जागी उपकरणे

हवेतील बाष्प मोजण्यासाठी माणसाच्या केसाचा उपयोग जिनिव्हाच्या होरेस-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी केला आणि १७८३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. लाकडातील पाणी विजेने मोजण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या भागातली. लाकूड वाळत जाते तसा त्याचा विद्युतरोध लाखो पटींनी वाढतो, म्हणून दोन सुया टोचून रोध मोजला की ओलावा कळतो. स्वित्झर्लंडमधील अर्न्स्ट श्मिट यांनी १९४८च्या सुमारास काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारा हातोडा तयार केला. गवंड्याच्या ठोक्यालाच त्यांनी आकडा दिला, म्हणा ना! ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगाने जातात यावरूनही त्याचा कस कळतो. १९९२ साली भारतीय मानक आय.एस. १३३११ने या दोन्ही पद्धती आपल्याकडे नेमून दिल्या. त्यात सेकंदाला साडेतीन किलोमीटरपेक्षा अधिक वेग असलेले काँक्रीट चांगले आणि तीनपेक्षा कमी वेगाचे शंकास्पद मानले होते. आता या मानकाची जागा नव्या मानकाने घेतली आहे.

भिंत वाळवणे म्हणजे काय, याचा हिशेब वर्गात करून पाहण्याजोगा आहे. साधी वीट स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते. तीन किलोची वीट धरली तर सहाशे ग्रॅम. एक घनमीटर बांधकामात सुमारे पाचशे विटा असतात, म्हणजे त्यात तीनशे लिटरपर्यंत पाणी राहू शकते. २६ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २४.४ ग्रॅम बाष्प सामावून घेते. ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल तर त्या हवेत फक्त २.४ ग्रॅमची जागा शिल्लक राहते. आर्द्रता ४० टक्के असेल तर जागा असते १४.६ ग्रॅमची. तेव्हा तीनशे लिटर पाणी उचलायला पावसाळ्यात किमान सव्वा लाख घनमीटर हवा लागेल, तर कोरड्या दिवसांत साडेवीस हजार पुरेल. पुरानंतर लगेच गिलावा करू नका, दिवाळीपर्यंत थांबा, असे जुनी माणसे का म्हणतात ते या आकड्यांत आहे. घाईने वर सिमेंटचा गिलावा चढवला तर भिंतीचा श्वास कोंडतो आणि ओल त्या गिलाव्याच्या मागून आणखी वर चढते. चुन्याचा गिलावा बाष्प बाहेर जाऊ देतो. वाड्यांच्या डागडुजीत चुन्याचा आग्रह धरतात तो केवळ जुन्याची हौस म्हणून नाही.

परदेशात हा व्यवसाय वेगळ्या वाटेने वाढला. अमेरिकेत त्याचा एक उगम चक्क गालिचे धुणाऱ्यांत आहे. गालिचे आणि गाद्यागिर्द्या साफ करणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी एक संस्था १९७२ साली तेथे निघाली आणि त्याच संस्थेने १९९४ साली पाण्याने खराब झालेली घरे कशी वाळवावीत याची नियमावली काढली. घर बंद करायचे, पंखे आणि आर्द्रता शोषणारी यंत्रे लावायची, रोज ओलावा मोजून तक्ता भरायचा आणि तो विमा कंपनीला दाखवायचा, अशी ही रीत. पैसे विमा कंपनी देत असल्याने प्रत्येक घराची छायाचित्रे, मापे, खर्च आणि दिवस यांच्या नोंदी साठत गेल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेला हवे असलेले खाद्य असे आयतेच तयार झाले. आपल्याकडे घराचा विमा उतरवणारे थोडे, डागडुजीचा हिशेब ठेकेदाराच्या वहीत किंवा डोक्यात, आणि वाड्याचा चौक तर आकाशाला उघडा, तो बंद कसा करणार?

यंत्र शिकते कसे

यंत्राला शहाणे करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे तज्ज्ञाकडून नियम लिहून घेणे. १९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली ‘मायसिन’ ही रक्तातील जंतुसंसर्गाचे निदान करणारी प्रणाली सुमारे सहाशे नियमांवर चाले. ओलीबद्दल आपणही असे नियम लिहू शकू: ओल जमिनीपासून कमरेपर्यंतच असेल आणि वरच्या कडेला लोणा असेल, तर पाणी खालून येत आहे, ओल छताच्या कोपऱ्यातून सुरू होत असेल, तर गच्ची पाहा. पण अनुभवी गवंड्याला विचारले तर तो म्हणतो, “पाहिलं की कळतं.” हे ‘पाहिलं की कळतं’ नियमांत बसवता येत नाही, आणि नियमांवरचा मार्ग तेथेच अडला.

दुसरा मार्ग उदाहरणांचा. फ्रँक रोझेनब्लाट यांच्या ‘परसेप्ट्रॉन’चे प्रात्यक्षिक जुलै १९५८ मध्ये अमेरिकेत झाले. डाव्या बाजूला खूण असलेली कार्डे आणि उजव्या बाजूला खूण असलेली कार्डे यांतला फरक संगणक पन्नास प्रयत्नांनंतर स्वतःहून ओळखू लागला. कल्पना सोपी आहे. प्रत्येक ठिपक्याला काही वजन द्यायचे, उत्तर चुकले की वजने थोडी बदलायची, पुन्हा पाहायचे. एका थराने भागत नाही म्हणून पुढे अनेक थरांची जाळी आली. २०१२ साली अशा एका जाळ्याने बारा लाख छायाचित्रांवर शिकून एक हजार प्रकारच्या वस्तू ओळखण्याच्या स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकले आणि त्यानंतर हे तंत्र सगळीकडे पसरले.

भेगांपर्यंत ते पोचायला पाच वर्षे लागली. २०१७ साली या विषयावरचा एक गाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या इमारतीच्या काँक्रीटची छायाचित्रे घेऊन त्यांचे चाळीस हजार छोटे तुकडे केले गेले. प्रत्येक तुकड्यावर माणसांनी ‘भेग आहे’ किंवा ‘भेग नाही’ अशी चिठ्ठी लावली. संगणकाने सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर दिली.

९८ टक्के ऐकून समाधान मानण्याआधी एक गणित करू. समजा एका भिंतीच्या छायाचित्राचे हजार तुकडे केले आणि त्यांतल्या फक्त दहांत भेग आहे. यंत्र दोन्ही प्रकारांत शंभरात दोनदा चुकते असे धरू. दहा खऱ्या भेगा ते बहुतेक सगळ्या पकडेल. पण उरलेल्या ९९० चांगल्या तुकड्यांपैकी सुमारे वीस तुकड्यांतही त्याला भेग दिसेल. म्हणजे यंत्राने तीस वेळा ‘भेग’ म्हटले तर त्यांतले दहाच खरे. संभाव्यतेच्या धड्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. यंत्र टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. हजार जागांऐवजी तीस जागा माणसाने पाहायच्या, ही बचत मोठी आहे. उंच इमारतीच्या बाहेरच्या बाजूची ड्रोनने काढलेली छायाचित्रे चाळायला तर हे उत्तमच. द्वारका परिसरातल्या एखाद्या काँक्रीटच्या इमारतीवर ते बऱ्यापैकी चालेल, कारण काँक्रीट कॅनडाचे काय आणि नाशिकचे काय, बरेचसे सारखेच. पण वाड्याच्या मातीच्या गिलाव्यावर नुसत्या वाळण्यानेही जाळीदार भेगा पडतात. त्या निरुपद्रवी आहेत हे यंत्राला कोणी शिकवले?

उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचेही असेच आहे. ओल्या भागातून बाष्पीभवन होते, तो भाग गार पडतो आणि चित्रात गडद दिसतो. अशी चित्रे वाचायला संगणक हल्ली शिकवले जातात. मात्र ऑगस्टच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंदावते आणि ओल्या-कोरड्या भागांतला तापमानाचा फरक पुसट होतो. कोरड्या, तापवलेल्या खोल्यांतल्या चित्रांवर शिकलेले यंत्र नेमके आपल्या गरजेच्या महिन्यात अडखळणार.

चिठ्ठी कोणती लावायची

उदाहरणांवर शिकणाऱ्या यंत्राचे सारे भवितव्य चिठ्ठीवर अवलंबून असते. नुकसानीला नाव द्यायचे कसे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे लांब दगड त्यांत नव्हते किंवा पुरेसे नव्हते. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पण दुसरीकडे असंख्य घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती, त्यासाठी कोणत्या भेगेला कोणता उपचार, हे अभियंत्यांना आणि गवंड्यांना एकाच भाषेत सांगावे लागले. भूकंपात इजा झालेल्या इमारतींच्या दुरुस्तीचे भारतीय मानकही १९९३ सालीच निघाले होते.

पुरानंतर आपल्याकडे नोंद होते ती पंचनाम्यात. घर कच्चे की पक्के, पूर्ण पडले की अंशतः, असे त्यातले रकाने असतात. मदतीच्या सरकारी निकषांत अंशतः पडझडीसाठी किमान १५ टक्के नुकसानीची अट आहे. मदत वाटायला हे रकाने पुरतात, पण यंत्राला शिकवायला पुरत नाहीत. घडीव काळ्या दगडाचे जोते, सागवानी सांगाडा आणि वर मातीच्या भिंती असलेला वाडा कच्चा म्हणायचा की पक्का? आणि आज उभी दिसणारी भिंत तीन आठवड्यांनी बसली तर ती कोणत्या रकान्यात?

जगातला एक मोठा संग्रह २०१९ साली अमेरिकेत तयार झाला. त्यात आपत्तीपूर्व आणि आपत्तीनंतरची उपग्रहचित्रे असून साडेआठ लाख इमारतींना चार पायऱ्यांच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत: नुकसान नाही, किरकोळ, मोठे, उद्ध्वस्त. चक्रीवादळाने उडालेली छपरे ओळखायला तो उपयोगी पडतो. पण उपग्रह पाहतो छप्पर, आणि भिजलेला वाडा खचतो जोत्याजवळ. वरून पाहता त्याची कौले शाबूतच असतात. त्याला ‘नुकसान नाही’ अशी चिठ्ठी मिळाली आणि घरची माणसे आत झोपायला गेली, तर?

उलट दिशेची चूकही तेवढीच महाग पडते. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महानगरपालिका धोकादायक वाड्यांना आणि इमारतींना नोटिसा देते. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याचीही कायद्यात तरतूद आहे. वाड्यात बहुधा मालक एक आणि भाडेकरू अनेक. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार पालिकेने पाडण्याचा आदेश दिलेली जागा मालकाला ताब्यात मागता येते. साहजिकच ‘धोकादायक’ हा शब्द एकाला हवासा आणि दुसऱ्याला घर हिरावणारा वाटतो. नोटीस खरी असूनही भाडेकरू जीव मुठीत धरून तेथेच राहतात, ते याच भीतीने. उद्या हा शब्द संगणकाने उच्चारला, तर तो कोणत्या भिंती पाहून शिकला हे विचारण्याचा अधिकार दोघांनाही असला पाहिजे. ‘यंत्राने सांगितले’ एवढ्यावर ना वाडा पाडावा, ना त्यात कोणाला राहू द्यावे. अंतिम सही अभियंत्याची असावी आणि त्याने भिंतीला हात लावलेला असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग यंत्राला वाडा शिकवायचा कसा? मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. आपल्या शाळांतली मुले हे काम करू शकतात, फक्त धोक्याची नोटीस लागलेल्या घरात त्यांना पाठवू नये. एक भिंत निवडावी. तिच्यावर पेन्सिलीने चार खुणा करून, दर आठवड्याला त्याच अंतरावरून, त्याच वेळी, भेगेशेजारी एक रुपयाचे नाणे धरून छायाचित्र घ्यावे. सोबत लोण्याची उंची, त्या दिवशीचा पाऊस, हवेची आर्द्रता, भिंत कशाची आणि गिलावा चुन्याचा की सिमेंटचा, हे लिहावे. घरमालकाची परवानगी घेऊन एका भेगेवर काचेची पट्टी लावावी. त्याच खोलीत पूर्ण भिजवलेली एक वीट ठेवून तिचे वजन रोज करावे; वजनाचा आलेख पहिल्या दिवसांत झपाट्याने उतरतो आणि मग रेंगाळतो, तो का रेंगाळतो हे मुलांनाच शोधू द्यावे. गवंडीकाका भिंत पाहून काय म्हणाले तेही त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावे. छायाचित्रावरची चिठ्ठी ती हीच. सुरुवात मात्र मे महिन्यात, भिंत कोरडी असतानाच करायला हवी, कारण पुढच्या प्रत्येक छायाचित्राची तुलना त्या पहिल्या छायाचित्राशी होणार आहे.